आधी बहिणीला

मंजूला जन्मापासून सिकलसेल हा रक्ताचा आजार होता, आणि तिच्या भावाच्या पोरीला, रुचीलाही तोच. भाऊ ओमेश नागपूरच्या प्रयोगशाळेत कामाला होता. नवं औषध घेऊन तो बोदलकशाला बहिणीच्या घरी आला आणि स्वतःच्या हाताने तिला टोचलं. "एकच सुई पुरते, मंजू. हे बारके कण अंगात आपल्यासारखे दुसरे कण स्वतःच बनवत राहते." पोटच्या पोरीच्या आधी भावाने आपल्याला औषध दिलं, हे धानाच्या रोवणीला आलेल्या बायांना सांगताना मंजूचा ऊर भरून यायचा.

दिवाळीला ती माहेरी पोचली, तर आतून वहिनीचं रडणं ऐकू आलं.

"रुचीले काऊन नाही टोचत? पोरगी तडफडून राहिली."

"मंजूले काही होते का, ते पाहू दे आधी."

मंजू उंबऱ्यातच थांबली. "दादा, काढ हे माह्या अंगातून."

"आता ते निघत नाही." ओमेशची मान खाली गेली. "रुची पोरगी आहे माही. समजून घे."

"अन् मी कोन आहो?"

 ओमेशने जवळ येऊन हलकेच विचारलं, "टोचलं तिथं सूज तर नाही ना आली?"