पेटीचं वजन

चौथा स्क्रू निघाला आणि पेटीचं झाकण सुटलं. सुलेखाताईंनी आत बघितलं आणि पेटी टेबलावर दिव्याखाली ओढली.

आत मुठीएवढा ट्रान्सफॉर्मर होता. त्याच्या शेजारी, तळाला चिकटवलेला सिमेंटचा ठोकळा. त्यांनी ब्लेडनं ट्रान्सफॉर्मरची तार खरवडली. वरचा तांबूस रंग निघून गेला, खालून पांढरं ॲल्युमिनियम दिसलं.

तारेचं वाइंडिंग करणाऱ्या तिघी बाया टेबलाभोवती जमल्या होत्या. साळूबाई वाकून म्हणाली, "ताई, ह्यो स्टॅबिलायझर हाय का घराची पायरी?" सारजाबाईनं तोंडाला पदर लावला. गारखेड्यातल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये कितीतरी दिवसांनी कुणी हसलं होतं.

दिवाळीपासून सुलेखाताईंना एकच कोडं पडलं होतं. परदेशातून येणारी ही पेटी शहागंजच्या बाजारात नऊशेला मिळत होती. त्यांच्या पेटीत नुसतं तांबंच त्याहून महाग जायचं. त्यांची पेटी एकवीसशेला होती आणि त्यातही फार काही सुटत नव्हतं. आज कोडं सुटलं. ही चोरी होती, आणि चोरी दाखवून देता येते.

रामकिसनरावांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, कारखाना काढला तेव्हा फ्रिज घेणारा माणूस आधी स्टॅबिलायझर घ्यायचा. रामकिसनराव स्वतः शहागंजात दुकानाच्या दारात उभे राहत आणि येईल त्या गिऱ्हाइकाच्या हातात पेटी देत. तांबं जड असतं, उचलून बघा, एवढंच म्हणत. हळूहळू सगळ्या जिल्ह्याला ती सवय लागली. कन्नडचा असो की पैठणचा, माणूस आधी पेटी उचलायचा, मग भाव विचारायचा. तेव्हा बावीस बाया कामाला होत्या. दुपारी डबे उघडले की शेडभर ठेच्याचा वास सुटायचा. मग रामकिसनराव गेले. नव्या फ्रिजना स्टॅबिलायझर लागेनासा झाला आणि शहरातलं गिऱ्हाईक गेलं. खेड्यात वीज अजून वर-खाली व्हायची, म्हणून खेड्यातलं तेवढं राहिलं. शहराचं नाव बदललं तरी लेबलांवर अजून औरंगाबाद छापलेलं होतं, कारण जुना गठ्ठाच संपत नव्हता.

दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर शहागंजातल्या गोकुळच्या दुकानातून दोनशे पेट्यांची ऑर्डर यायची. यंदा आली नव्हती. ती आली नाही तर गुढीपाडव्यानंतर कारखान्याला कुलूप लावायचं, हे तिघींनाही माहीत होतं.

सुलेखाताई ती उघडी पेटी आणि आपली एक पेटी पिशव्यांत घालून रिक्षानं शहागंजात गेल्या. गोकुळचे वडील होते तेव्हापासून ते दुकान त्यांचा माल घेत होतं. गोकुळनं उठून खुर्ची दिली, चहा सांगितला. उघडी पेटी त्यानं शांतपणे बघितली. त्याला नवल वाटलेलं दिसलं नाही.

तेवढ्यात देवगाव रंगारीचा एक शेतकरी आला. लेकीच्या घरच्या फ्रिजला स्टॅबिलायझर पाहिजे होता. गोकुळनं दोन्ही पेट्या समोर ठेवल्या, परदेशी आणि सुलेखाताईंची. माणसानं एका हातात एक, दुसऱ्या हातात दुसरी तोलून धरली. मग उलटसुलट करून पुन्हा तोलली. वजन सारखंच हाय, मग बाराशे जादा कशाचे, असं त्यानं विचारलं.

सुलेखाताईंनी उघडी पेटी पुढं केली. ठोकळा दाखवला, खरवडलेली तार दाखवली. त्यानं लक्ष देऊन ऐकलं. मग विचारलं की एकवीसशेची पेटी कुणाची.

"माझी," त्या म्हणाल्या.

"मावशी, मग तुमी तर असंच म्हणणार की," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. ही नवीन पेटीही उघडून बघू, असं सुलेखाताई म्हणाल्या. गोकुळनं सांगितलं की सील तुटलं की बदलून मिळत नाही. माणूस नऊशे देऊन पेटी काखेत मारून निघून गेला.

गोकुळनं नऊशे रुपये गल्ल्यात टाकले. मग त्यानं सांगितलं की गेल्या उन्हाळ्यातही हाच परदेशी माल आला होता, पण हलका. लोक उचलायचे आणि ठेवून द्यायचे. पाच महिने पेट्या धूळ खात पडल्या. दिवाळीला जड माल आला, आणि आता दिवसाला वीस जातात.

"काकू, गिऱ्हाईक उघडून बघत नाही. उचलून बघतं," तो म्हणाला. "मी दोनशे पेट्या घेऊन ठेवू कुठं?"

चहा आला होता. त्यांनी तो पिऊन टाकला, कारण नाही म्हटलं असतं तर त्याला वाईट वाटलं असतं.

शेडमध्ये तिघी मशीन बंद करून बसल्या होत्या. सुलेखाताईंनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. आवडाबाई उठली आणि आपल्या मशीनवरचं तारेचं रीळ काढू लागली.

साळूबाईनं सिमेंटच्या ठोकळ्यावर बोट टेकवलं. "पर ताई, आपल्याकडं माणसं उचलून बघतेत, हे त्या परदेशातल्या लोकायला कसं कळलं?"

सुलेखाताईंनी चष्मा काढला.

"श्रावणात एक पोरगा आला होता बघ, तुम्ही सुट्टीवर होतात तेव्हा. नवा माल विकतो म्हणाला. पेट्या कशा बनवता, लोक काय बघून घेतात, सगळं विचारत होता. इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं गं. जेवू घातलं मी त्याला," त्या म्हणाल्या. "आणि आपली पेटी त्याच्या हातात दिली."