होमस्टेची पाटी

पाहुण्यांची जेवणं उरकून, भांडी घासून सुहासिनी ओल्या हातांनीच घरापुढच्या खळ्यात आली. मुलगी प्राजक्ता होमस्टेची नवी पाटी रंगवायला बसली होती. आईने सांगितलेलं इंग्रजी वाक्य तिने आधी खडूने लिहून घेतलं होतं: 'विलास अँड सुहासिनी रन्स धिस होमस्टे.'

"आये, ह्या 'रन्स' चुकला. माणूस एकटो आसलो तर 'रन्स'. दोघां आसली काय नुसता 'रन'."

सुहासिनीने पडवीत पाहिलं. सकाळपासून तिथे आडवा असलेला नवरा, विलास, आता कूस बदलून चहा मागत होता. ती पुन्हा स्वयंपाकघराकडे वळली आणि जाता जाता मुलीला म्हणाली,



"'रन्स' ऱ्हवांदे गो. तुझ्या बापाशीचा नाव पुसून टाक."