उरलेला उपाय

तिसऱ्या बाळंतपणात सून मरता मरता वाचली, म्हणून सासू तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन आली. नवरा बाहेर बाकावर बसला.

"गोळ्या तुझ्या रक्तदाबाला चालायच्या नाहीत. तांबी बसवली तर आधीच कमी असलेलं रक्त आणखी जाईल. इंजेक्शनचा त्रास तू भोगलाच आहेस. आणि ऑपरेशनची भूल एवढ्यात तुला झेपायची नाही." डॉक्टरीणबाईंनी तिचा केसपेपर मिटला. "पुरुषाची नसबंदी मात्र सोपी असते. त्याच दिवशी घरी जाता येतं."

सून घाबरली. "नको नको, त्यांना नको. मीच बघते काहीतरी." तिनं चोरून सासूकडे पाहिलं. लेकाला साधी सुई टोचली तरी सासूचा जीव कासावीस व्हायचा.

सासू उठली आणि दार उघडून लेकाला म्हणाली, "आत ये. हिचं सगळं करून झालं, आता तुझी पाळी."

काय ते कळल्यावर तो दारातच घुटमळला. "आई, मला कामाला जावं लागतं गं."

"तुझी ताई बाळंतपणात गेली ना," सासू म्हणाली, "तिच्या नवऱ्यालाही कामाला जावं लागत होतं."