पुढच्या साली

पिक्चर संपायला दहा मिनिटं उरली होती आणि मंगली उठली.

"बसा न आई," रिना म्हणाली. "आता तं खरी मजा हाय."

"कोंबड्यायले पाणी पाजाचं हाय," सासू म्हणाली आणि पदर खोचून दाराकडे निघाली.

रिनानं मोबाईलवरचा पिक्चर थांबवला. मोटरसायकलवरून मांडवाकडे सुटलेला नवरदेव रस्त्यातच थिजला.

हे रोजचं होतं. बाळ झाल्यापासून रिनाला दुसरे पिक्चर बघवत नव्हते. कोण मरेल, कोणाचं काय होईल, हा घोर नको वाटायचा. घरचा घोर पुष्कळ होता. निजलेल्या बाळाच्या नाकाखाली ती दिवसातून दहादा बोट धरून श्वास बघायची. म्हणून दुपारी ती एकाच साच्यातले पिक्चर लावायची. लग्न ठरलेलं असायचं. मध्येच काहीतरी गैरसमज व्हायचा, अंगठी परत जायची, दोन्ही घरं रडायची. शेवटी मुलगा धावत यायचा. सगळं आधीच ठाऊक. तेवढा दीड-दोन तास तिचा जीव थाऱ्यावर असायचा.

मंगलीही शेजारी बसायची, आणि मन लावून बघायची. "अंगठी फेकली म्हणून का झालं रे बैला, पाय तं तिचे तिथंच रेंगाळून राह्यले!" असं पडद्यातल्या पोराला सुनवायची. पण मांडव दिसला की उठायची. कधी कोंबड्या, कधी सरपण, कधी नुसतंच "येतो" म्हणून. एकदाही चुकलं नव्हतं.

रिनाच्या लग्नातही असंच झालं होतं. हळदीला साऱ्या बायका पाटाभोवती जमल्या, सासू मात्र चुलीपाशी भात बघत राहिली. हळद चुलतसासूनं लावली. रिना माजरीच्या कोळसा खाणीच्या कॉलनीत वाढलेली, बी.ए. झालेली. कुरखेड्यापलीकडच्या या गावात त्याच दिवशी तिनं मनाशी एक गाठ मारून घेतली होती. आपण हिला पसंत नव्हतो. दोन वर्षं ती हेच धरून बसली होती.

आता आठ दिवसांवर नणंदेची, कमलाची, हळद आली होती. आणि काल मंगली म्हणाली होती, "हळद काकू लावन. मी चुलीकडं पाहीन." कमला भिंतीकडे तोंड करून रडली. रिना रात्रभर विचार करत राहिली. सुनेचं एक वेळ समजू. पोटच्या पोरीलाही?

"आई, खरं सांगा," ती आता म्हणाली. "लगनाच्या वक्ताले तुमी पळता काऊन?"

मंगली दारातच थांबली.

"जिच्यावर मांडव पडला नाई, तिनं नवरीले हळद लावाची नाई. आमच्या इथी असंच हाय."

"पण तुमचं तं लगन..."

"कुठी झालं?" मंगली म्हणाली. "ठरलं तेवढं. चांगलं गावापुढं ठरलं. मले घरी आणलं, मांडव मंग टाकू म्हणले. त्या साली धान करपलं. मंग तुहा सुनिल झाला, मंग कमली. राह्यलं."

गावात अशी घरं होती. कोणाला त्यात वावगं वाटत नसे. पण आपल्याच घरात, हे रिनाच्या ध्यानीमनी नव्हतं. एकतीस वर्षं ही बाई नुसती ठरलेलीच राहिली, आणि आपण तिला रोज दुसऱ्यांची लग्नं दाखवत होतो.

तेवढ्यात तिचा सासरा झिंगू मोहफुलांची टोपली घेऊन आत आला. रिनाला राहवलं नाही.

"मामाजी, कमलाच्या मांडवात आधी तुमचं लगन लावू. आईले इतके साल असंच ठेवलं तुमी?"

झिंगूनं टोपली खाली ठेवली. सुनेकडे पाहिलं, मग मंगलीकडे.

"मी ठेवलं?" तो म्हणाला. "मोह येचून सरला का मी दरसाली इचारतो, यंदा टाकू का मांडव? ही म्हणते, पुढच्या साली. एका साली तं जेवणाले बकराही आणला होता. हिनं त्याचं नाव ठेवलं अन् पाळला!"

"खरं का हो आई?"

मंगलीनं पदर तोंडाला लावला. ती हसत होती.

"मंग का तं. मोह सरत आला का हा डोक्याले तेल लावते. बाजारातून जिलेबी आणते. मागं मागं फिरते. नाई म्हटलं का दोन दिवस खुडूक कोंबडीवानी कोपऱ्यात बसते, अन् तिसऱ्या दिवशी आपणच बोलते." तिनं मोबाईलकडे बोट केलं. "तुह्या पिक्चरमंदी लगन झाल्यावर काही दाखवते का? मले त्या पोरीचं वाईट वाटते. तिची मजा सरली."

रिनाला हसू आवरेना. बाळ चाळवलं, तिनं त्याला थोपटलं. मग तिचं लक्ष अंगणात गेलं. कमला चटईवर वाळत घातलेली फुलं पसरत होती. तिचे हात थांबले होते. ती ऐकत होती.

"मंग कमलाच्या हळदीचं का करता, आई?"

मंगलीचं हसू विरलं. तिनं पोरीच्या पाठीकडे पाहिलं. मग ती आत आली, झिंगूच्या समोर उभी राहिली आणि तिनं पदर सारखा केला.

"यंदा तू इचारलं नाई."

"मोह कुठी सरला अजून?"

"राहू दे मोह," मंगली म्हणाली. "इचार."