घरचीच भाषा

मेकअपवालीने माझ्या चेहऱ्यावरची पावडर पुसली आणि पस्तीस वर्षांचा कार्यक्रम संपला. शेवटच्या भागात मी स्क्रिप्ट बाजूला ठेवली. थेट प्रक्षेपण होतं, अडवणार कोण? कॅमेऱ्याकडे बघत मी पेगीबद्दल, माझ्या गेलेल्या बायकोबद्दल बोललो. घरात कधी तोंडातून निघालं नाही ते सगळं, आमच्या बेटाच्या गेलिक भाषेत.

हीच भाषा मी स्कॉटलंडभरच्या पोरांना टीव्हीवरून शिकवली. गाणी म्हटली, मालिकांत कामं केली, हातात घालायच्या कापडी सील-बाहुलीलाही बोलतं केलं. घरी दमून यायचो, मग लेकीशी, कर्स्टीशी, इंग्रजीतच बोलायचो. म्हटलं, गेलिक काय, घरचीच आहे, येईल आपोआप.

त्या दिवशी घरी पोचलो, तर दार कर्स्टीनेच उघडलं. डोळे रडून सुजले होते. मला वाटलं, पोचलं सगळं.

"बाबा, तुम्ही चारदा आईचं नाव घेतलंत," ती इंग्रजीत म्हणाली. "पण स्क्रिप्ट सोडलीत आणि खालची इंग्रजी सबटायटल्स बंद झाली. काय म्हणालात तिच्याबद्दल?"

मी सांगायला लागलो. इंग्रजीत ते दोन वाक्यांत संपलं.