डावीकडच्या दुर्वा

"निळी फीत दिसली की तिथेच खुडा, आई. पायवाटेच्या डावीकडे. उजवीकडे पिवळ्या फिती आहेत, तिकडे पाऊलसुद्धा टाकू नका."

"अगं, पण ते गुपित असतं ना तुमचं?" लॅपटॉपवरून मान न उचलता सुदर्शनने विचारलं.

"असू दे. आईंच्या जिवापेक्षा मोठं नाही ते," ज्ञानदा म्हणाली.

सुचित्राबाई एकदम हळव्या झाल्या. सुनेने आपल्यासाठी ऑफिसचा नियम मोडावा, हे त्यांना नवीनच होतं.

ज्ञानदाला नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या एका संशोधन संस्थेत गेल्या वर्षी नोकरी लागली होती. काम गोचिडींचं. घरामागच्या जंगलात पुठ्ठ्याच्या नळ्या ठेवायच्या, त्यात औषध लावलेला कापूस. रानातले उंदीर तो कापूस बिळात अंथरायला नेतात आणि त्यांच्या अंगावरच्या गोचिडी मरतात. तेवढ्याच माणसाला चावून लाइमचा आजार देणाऱ्या गोचिडी कमी. औषधाचा गुण खरंच येतो का हे कळावं म्हणून जंगलाच्या एका बाजूला औषधाचा कापूस ठेवायचा, दुसऱ्या बाजूला साधा. एका बाजूच्या नळ्यांपाशी निळ्या फिती, दुसऱ्या बाजूला पिवळ्या; पण कुठल्या रंगाला काय, हे गोचिडी मोजणाऱ्यांना सांगायचं नाही. नळ्या भरणाऱ्या ज्ञानदाशिवाय ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

सुचित्राबाई फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी आल्या आणि कोरोनाने विमानं बंद पडल्यावर इथेच अडकल्या. दुसरं कोणी असतं तर अंग चोरून राहिलं असतं. सुचित्राबाईंनी घर ताब्यात घेतलं. गुडघ्यांमुळे खाली बसून पूजा होत नाही म्हणून मायक्रोवेव्ह हलवून ओट्यावर देव मांडले. मसाल्याच्या डब्यांच्या जागा बदलल्या. शाळा बंद म्हणून घरीच असलेल्या सात वर्षांच्या नातीची, सानिकाची तेल लावून आंघोळ, वेणीफणी, खाणंपिणं, सगळं स्वतःकडे घेतलं. गणपतीला रोज एकवीस दुर्वा हव्यात, म्हणून सकाळी आठला त्या जंगल गाठत आणि त्यातल्या त्यात दुर्वांसारखं दिसणारं तीन पात्यांचं गवत घेऊन येत. ज्ञानदा साडेसातलाच सायकल काढून कामाला गेलेली असे आणि सुदर्शन दार लावून मीटिंगमध्ये.

इथपर्यंत ज्ञानदाने चालवून घेतलं. पण एप्रिलमध्ये एकदा जेवताना सुचित्राबाईंनी जाहीर केलं, "विमानं सुरू झाली की सानिकाला मी पुण्याला नेणार. मराठीत विचारावं तर पोरगी डचमध्ये उत्तर देते. दहापर्यंत आकडे येत नाहीत तिला!"

"आणि तिची शाळा?" ज्ञानदाने विचारलं.

"पुण्यात शाळा नाहीत का? इथे तू दिवसभर जंगलात. पोरीकडे बघतं कोण?"

"बघू," सुदर्शन म्हणाला.

सुदर्शनचं 'बघू' म्हणजे आईला होकार, हे ज्ञानदाला लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यातच कळलं होतं. एकदा गेलेली सानिका परत येणार नाही, याबद्दल तिला जराही शंका नव्हती.

पण ती भांडली नाही. उलट दोन दिवसांनी तिने सासूला निळ्या फितींचं गुपित सांगितलं. बायकोने फारच मोठ्या मनाने घेतलं, असं सुदर्शनला वाटलं.

रोज संध्याकाळी घरी आली की ती सासूला खुर्चीत बसवून त्यांचे पाय तपासायची. भिंग घेऊन पोटऱ्या, गुडघ्यांच्या मागची बाजू, बोटांच्या बेचक्या.

"कुठे खाज येते? गोल चट्टा वगैरे? ताप आल्यासारखं वाटतं? चेहरा एका बाजूला ओढल्यासारखा?"

"काही नाही गं बाई."

महिनाभर तिचा हा नेम चुकला नाही. "पोटची लेक करणार नाही इतकं करते," सुचित्राबाई पुण्याच्या बहिणीला, शर्मिलाला, फोनवर सांगत. पाय तपासून झाले की ज्ञानदा भिंग टेबलावर जरा जोरातच ठेवून उठून जाई. दमली असेल बिचारी, असं त्यांना वाटे.

जूनमध्ये एका खास विमानाची तिकिटं मिळाली. दोन. ज्ञानदाला न विचारताच सुदर्शनने ती काढली होती.

निघायच्या दिवशी सकाळी सानिकाच्या हनुवटीवरून दूध ओघळून नव्या फ्रॉकवर सांडलं.

"नीट पी ना, सानू."

"मी पितेय की नीट!" सानिका हसली. हसताना तिचं तोंड एकाच बाजूला गेलं.

ज्ञानदाने हातातली बॅग खाली ठेवली. "डोळे मिट बघू."

सानिकाने डोळे मिटले. एकच मिटला.

"कधीपासून आहे हे?"

"कालपासून वाटतंय तसं. वारं लागलं असेल," सुचित्राबाई म्हणाल्या. "त्याआधी मांडीच्या मागे नायटा उठला होता, हा एवढा गोल. मी आंघोळीच्या वेळी हळद लावून लावून घालवला. तू उगाच घाबरशील म्हणून बोलले नाही."

"कसला नायटा? ती घराबाहेर तरी पडते का?"

"अगं, माझे गुडघे वाकतात का? मग गवतात बसून दुर्वा खुडतं कोण? सानिकाच की! मांडी घालून बसते आणि एकवीसपर्यंत मोजते. मराठीत!" त्यांनी कौतुकाने नातीच्या पाठीवरून हात फिरवला. "पण मी काळजी घेतली हो. उजवीकडे एक पाऊल टाकू दिलं नाही. तू सांगितलंस ना, रोज तिथेच बसवलं तिला. निळ्या फितीपाशी."

निळ्या फितीच्या सगळ्या नळ्या ज्ञानदाने स्वतःच्या हातांनी भरल्या होत्या, साध्या कापसाने.