तीनशे साठ देठांचा चंदू

“अग्नी कोण देणार?” गुरुजींनी दुसऱ्यांदा विचारलं, आणि महादेवराव हाताची घडी घालून तसेच उभे राहिले.

गंगाबाई घाटावर सकाळचे नऊ वाजले होते. साल एकोणीसशे एक्याऐंशी. लाकडांवर चंदू निजला होता. म्हणजे चंदू कुठला! पळसाच्या पानांचे तीनशे साठ देठ, दोऱ्यानं बांधून केलेले हातपाय, डोक्याच्या जागी नारळ, वरून कोरं धोतर. माणूस बेपत्ता होऊन बारा वर्षं उलटली की तो गेला असं धरायचं आणि त्याचा असा पुतळा जाळायचा, ही रीत. चंद्रभान एकोणसत्तरच्या जूनमध्ये भिलाईला नोकरीच्या मुलाखतीसाठी गाडीत बसला, तो तिथं पोचलाच नाही. एकुलता एक पोरगा. बावीस वर्षांचा.

त्याचे वडील हे महादेवराव. तीस वर्षं कोर्टात पेशकारी केलेले, म्हणजे न्यायाधीशापुढे फायली मांडणारे कारकून. देव मानत नसत. मानत नसत आणि त्यावरून भांडतही नसत, हेच तर लोकांना झोंबायचं. “देव नाही, असं मी कुठं म्हणून राहिलो?” ते शांतपणे म्हणायचे. “आहे, असं तुमी म्हणता. मंग शाबित बी तुमीच करा. ज्याचा दावा, त्याचा पुरावा. आणा, मी हात जोडतो.” बायकोच्या देव्हाऱ्याच्या वाटेला ते कधी गेले नाहीत. पण रुखमाबाईंनी सोमवार धरला की चिडवायचे, “समन्स लागू झाला का वं तुह्या देवाले?” त्या हसून सोडून द्यायच्या. चंदू बेपत्ता झाला आणि त्यांनी सोमवारासोबत शनिवारही धरला. पोरगा परत यावा म्हणून बाई उपाशी राहते, असं महादेवराव बिचारे समजले. त्या दिवसापासून त्यांनी चिडवणं सोडलं.

घाटावरच्या मंडळींना वाटलं, म्हातारा तत्त्वाला अडून बसला. “काय हट्टी माणूस आहे, बाप्पा!” कुणीतरी पुटपुटलं. पण हट्ट कसला नि तत्त्व कसलं! दारात सायकलची घंटी वाजली की अजूनही ते उठून दाराशी जायचे. बारा वर्षांत चंदूच्या मापाची चप्पल त्यांनी दोनदा नवी आणून कपाटाखाली ठेवली होती. चंदू कुठंतरी आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. कसं ठाऊक होतं, ते मात्र विचारायची सोय नव्हती.

विचारलं चंपतरावांनी. रुखमाबाईंचे हे धाकटे भाऊ. पळसाचे देठ त्यांनीच कुहीवरून आणले होते.

“भाऊजी, राग नका मानू. पन पोरगा हाये, असं तुमीच म्हनून राहिले ना? मंग दाखवा पुरावा.”

तीस वर्षं ज्या सवालानं महादेवरावांनी गावाला गप्प केलं, तो आज त्यांच्याच पुढ्यात येऊन बसला होता.

“नाही माह्याजवळ,” ते हळूच म्हणाले. मग एकाएकी त्यांचा आवाज चढला. “पण मेला, हाही दावाच आहे! तुमचा दावा! करा शाबित! काहून गप्प बसले सारे? पुरावा आणा, अन् मंग मागा माह्या हातून अग्नी!”

चंपतरावांनी बहिणीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

रुखमाबाई पुढे आल्या. कमरेचा बटवा सोडला.

“माह्याजवळ हाये,” त्या म्हणाल्या. “त्याच साली पोलिसायकडून भेटला. तुमी तवा छातीच्या दुखण्यानं दवाखान्यात पडले होते. डोळे उघडले का एकच विचारत, चंदू आला का. डाक्टर म्हने, यायले धक्का देऊ नका. मी अन् चंपत तिकडल्या ठाण्यात जाऊन त्याचे कपडे ओळखून आलो. मंग आज सांगीन, उद्या सांगीन… तुमी त्याच्या भरवशावर उठून बसले. कोन्या तोंडानं सांगू? तिकडं त्याले परक्यायनं जाळलं. आता एवढा अग्नी तरी बापाच्या हातचा भेटू द्या.”

त्यांच्या बोटांत चार घड्या घातलेला कागद होता. महादेवरावांनी तो लांबूनच ओळखला. कोपऱ्यात जांभळा शिक्का, मागून उमटलेली टाइपाची अक्षरं, डाव्या अंगाला दोरा ओवायची दोन भोकं. बेवारस प्रेताच्या पंचनाम्याची नक्कल. असले शेकडो कागद त्यांनी स्वतःच्या हातानं फायलींत ओवले होते.

बारा वर्षं हिनं हे एकटीनं पोटात ठेवलं. रोज त्यांच्यासोबत दाराकडे पाहत राहिली. ते उपास पोरासाठी नव्हतेच, नवऱ्याच्या छातीसाठी होते. महादेवरावांना भडभडून आलं. पोराचं दुःख कोणतं नि हिचं कोणतं, काही कळेना.

रुखमाबाई कागदाची घडी उकलू लागल्या. महादेवरावांनी पुढे होऊन त्यांच्या हातावर हात ठेवला आणि घडी तशीच दाबून धरली. दुसरा हात गुरुजींपुढे केला, अग्नीसाठी.

“उघडू नको वं,” ते म्हणाले. “मी मानतो. पाह्यल्याशिवाय मानतो.”